गेटच्या मोटरला वीज कुठून द्यायची?

ऑटोमॅटिक गेट घेताना लोक मोटरची ताकद, रिमोटची रेंज आणि वॉरंटी विचारतात. वीज कुठून येणार, हा प्रश्न गवंडी काम उरकून गेल्यावर निघतो. तोवर पेव्हर ब्लॉक बसलेले असतात आणि चर खणायला कुणी तयार नसतं. म्हणून हे आधी ठरवा, मोटर नंतर निवडा. मोटर कुठली घ्यायची हे पुष्कळदा विजेच्या सोयीवरूनच ठरतं.

पर्याय मोजून चार: घरातून २३० व्होल्टची लाइन, त्याच लाइनला जोडीला बॅटरी, घरचा इन्व्हर्टर, आणि सोलर. पण निवड करण्याआधी गेट दिवसाला किती वीज खातं, ते कागदावर मांडावं लागतं. तो हिशोब बहुतेकांचा चुकतो, आणि एकाच जागी चुकतो.

हलताना कमी, थांबलेलं असताना जास्त

चार मीटरचं, साडेतीनशे-चारशे किलोचं सरकतं गेट धरू. मिनिटाला १२ मीटरच्या वेगाने, शेवटचा संथ टप्पा धरून, एकदा उघडायला साधारण २५ सेकंद लागतात. उघडणं आणि बंद होणं मिळून ५० सेकंद. २४ व्होल्टची डीसी मोटर सरासरी ५ अॅम्पिअर घेत असेल, तर १२० वॅट गुणिले ५० सेकंद, म्हणजे एका फेरीला जेमतेम १.७ वॅट-तास. दिवसाला २० फेऱ्या झाल्या तरी ३४ वॅट-तास. घरातला नऊ वॅटचा एलईडी बल्ब तेवढी वीज चार तासांत खातो.

आता थांबलेलं गेट बघा. कंट्रोल बोर्ड, रिमोटचा रिसीव्हर, फोटोसेलची जोडी (वाटेत काही आलं की गेट थांबवणारे सेन्सर) हे सगळं चोवीस तास जागं असतं. मिळून ५ वॅट धरले तर दिवसाला १२० वॅट-तास. म्हणजे गेट न हलता जे खातं, ते हलण्याच्या साडेतीनपट. एकूण सुमारे १५५ वॅट-तास, महिन्याला पावणेपाच युनिटच्या आत. लाइटबिलाला हे जाणवतही नाही. पण सोलर आणि बॅटरीचं गणित याच १२० वर उभं राहतं किंवा कोसळतं. ‘दिवसातून चारदाच उघडतो, छोटं पॅनल पुरेल’ असं म्हणणाऱ्याचं गेट ऑगस्टमध्ये बंद पडतं ते यामुळेच. फेऱ्या कमी केल्याने फारसं काही वाचत नाही.

हा आकडा अंदाजाने घेऊ नका, मोजा. बसवलेल्या सिस्टिमचा मेन बंद करून ती फक्त बॅटरीवर ठेवा. बॅटरीची प्लस वायर काढून मध्ये मल्टिमीटर लावा, मीटरची वायर १० अॅम्पिअरच्या सॉकेटमध्ये. गेट स्तब्ध असताना येणारा आकडा गुणिले २४ व्होल्ट, इतके वॅट. मीटर लावलेला असताना रिमोट चुकूनही दाबायचा नाही. सुरू होताना मोटर १५ अॅम्पिअरच्या वर झेप घेते आणि मीटरचा फ्यूज उडतो. अजून काही घेतलेलं नसेल, तर विक्रेत्याला ‘स्टँडबायला (गेट थांबलेलं असताना) किती मिलीअॅम्पिअर?’ एवढंच विचारा. उत्तर येत नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

२३० व्होल्टची मोटर की २४ व्होल्टची?

एसी मोटर थेट २३० वर चालते. स्वस्त, दणकट, आणि हजार किलोच्या वरच्या गेटला तीच बरी. पण तिला व्होल्टेज नीट लागतं. या एसी मोटरी इंडक्शन जातीच्या असतात, आणि इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. संध्याकाळी सातला गावातल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लोड चढून घरात १८० व्होल्ट आले, तर जोर निम्म्यापेक्षा थोडाच जास्त, म्हणजे ६१ टक्के उरतो. गेट अर्ध्यात अडतं, मोटर गुणगुणते, तापते, आतला थर्मल स्विच तिला बंद करतो आणि वीस मिनिटांनी ती आपोआप ‘बरी’ होते. मग वायरमन कपॅसिटर बदलतो, पुढच्या आठवड्यात मोटर पुन्हा तशीच. दोष मोटरमध्ये नसतोच.

त्यामुळे निवड करण्याआधी गेटजवळच्या पॉइंटवर संध्याकाळी सात ते नऊमध्ये, घरातला पंप आणि गिझर चालू ठेवून व्होल्टेज मोजा. दुपारचा आकडा कामाचा नाही. २०० च्या खाली जात असेल तर एसी मोटरला स्टॅबिलायझर लागेल, नाहीतर सरळ २४ व्होल्टकडे वळा.

२४ व्होल्टच्या सिस्टिमचेही दोन प्रकार येतात आणि माहितीपत्रकात फरक सहसा ठळक दिलेला नसतो. काहींच्या पेटीत गोल ट्रान्सफॉर्मर असतो. इनपुट घसरलं की त्याचं आउटपुटही त्याच प्रमाणात घसरतं. काहींत एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय) असतो. त्याच्या लेबलवर इनपुट १००–२४० व्होल्ट असं छापलेलं दिसेल. तो १७० वरही पुरते २४ देतो. कमी व्होल्टेजच्या भागात हे लेबल बघूनच घ्या.

घरगुती बंगल्याला आमची शिफारस साधी आहे: २४ व्होल्टची मोटर, एसएमपीएस, घरातून २३० ची लाइन आणि पेटीत बॅटरी. सोसायटीच्या मुख्य गेटला, जिथे दिवसाला दोनशे-तीनशे गाड्या ये-जा करतात आणि जनरेटर आहेच, तिथे सतत चालू शकणारी एसी मोटर घ्या. तिथे बॅटरीच्या भानगडीत पडायची गरज नाही.

केबल

चोवीस व्होल्ट घरातून गेटपर्यंत न्यायचे नाहीत. घरातून २३० न्या, चोवीस गेटपाशीच बनवा. कारण आकड्यात बघा. दुकानात जिला ‘अडीच एमएम’ म्हणतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार किलोमीटरला ७.४ ओहम अडथळा देते. घर ते गेट ६० मीटर असेल तर जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे ०.८९ ओहम. २३० व्होल्टची एसी मोटर सुरू होताना १२ अॅम्पिअर घेते असं धरलं, तर पावणेअकरा व्होल्ट वाटेत जातात. चालून जातं. त्याच तारेतून २४ व्होल्टवर १० अॅम्पिअर ओढले तर जवळजवळ ९ व्होल्ट वाटेतच जिरतात आणि मोटरला उरतात पंधरा. ते टाळायला सोळा-पंचवीस एमएमची जाड केबल लागते. तेवढ्या पैशात सोलरसुद्धा बसतं.

तर ६० मीटरपर्यंत अडीच एमएम, तीन कोअर (आत तीन तारा), तांब्याची आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल. शंभर मीटरच्या आसपास चार एमएम घ्या. दीड एमएममध्ये पैसे वाचतात, पण ६० मीटरवर सुरुवातीच्या झटक्याला १७ व्होल्ट गमवावे लागतात. आधीच कमी असलेल्या व्होल्टेजमध्ये ते परवडत नाही.

केबल पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळूचा थर, वरून विटा किंवा फरशी. गाडी जिथून जाते तिथे जाड एचडीपीई पाइपमधून. चर उघडा आहे तोवर दुसरा, रिकामा पाइप टाकून ठेवा. फोटोसेल, बेल, कॅमेरा, इंटरकॉम यांच्या बारीक वायरी त्यातून जातील. २३० ची केबल आणि या वायरी एकाच पाइपात घालू नका. गेट आपोआप उघडणं, रिमोट मधूनच न लागणं अशा भुताटकीचं मूळ पुष्कळदा त्या एका पाइपात सापडतं.

घरातल्या डीबीत (वितरण पेटीत) गेटला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) द्या, ६ अॅम्पिअर, सी कर्व्ह, म्हणजे सुरुवातीचा झटका सहन करणारा. त्याहून नाजूक बी कर्व्हचा लावला तर मोटर सुरू होतानाच पडू शकतो. सोबत ३० मिलीअॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच. लोखंडी गेट, ओली जमीन, अनवाणी मुलं, इथे तडजोड नाही. गेटची चौकट, रूळ आणि मोटरची बॉडी अर्थिंगला जोडा. घरची अर्थिंग लांब असेल तर गेटपाशी वेगळा अर्थ पिट घ्या, आणि तो घरच्या अर्थिंगशी जोडलेला ठेवा.

मग वीज पडण्याचं. मे-जूनच्या वळवात बोर्ड जळतात, आणि ते गेटवरच वीज पडल्याने क्वचित. लांब केबलीत झटका शिरतो. गेटच्या पेटीत टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर (असा झटका अर्थिंगमध्ये वळवणारं उपकरण) लावा आणि त्याची अर्थ वायर शक्य तितकी आखूड ठेवा. लांब वायरीने गुंडाळी करून नेलेला प्रोटेक्टर नावापुरता उरतो. बेल किंवा इंटरकॉमची लांब वायर असेल, तर झटका तिथूनही आत येतो, हे लक्षात ठेवून त्या वायरीलाही संरक्षण द्या.

शेतावरचं गेट आणि पंपाचं कनेक्शन

फार्महाऊसवाल्यांची नजर हमखास विहिरीवरच्या मीटरकडे जाते, कारण ते गेटजवळ असतं. दोन कारणांनी तो विचार सोडा. एक, शेतीच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) थ्री फेज वीज ठराविक तासच, पाळीपाळीने येते. गेटला ती हवी तेव्हा नसणार. दुसरं, शेतीपंपाच्या कनेक्शनवर दुसरं काही चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो, आणि आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. महिन्याला पाच युनिटसाठी ही जोखीम कशाला? घराच्या मीटरवरून, म्हणजे गावठाण फीडरच्या लाइनवरून केबल आणा. तेवढं अंतर नको असेल तर सोलर.

लाइट गेल्यावर

चोवीस व्होल्टच्या पेटीत दोन बारा व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये बसतात. कंपन्या पुष्कळदा १.२ अॅम्पिअर-तासाच्या चिमुकल्या बॅटऱ्या देतात. त्यांची साठवण २९ वॅट-तास. पाच वॅटचा स्टँडबाय त्यांना चार-पाच तासांत संपवतो, गेट एकदाही हललं नाही तरी. शहरात तासाभरासाठी लाइट जाते तिथे हे पुरतं. गावात जागा करून ७ अॅम्पिअर-तासाच्या जोडीवर जा. १६८ वॅट-तासांपैकी शंभर वापरायला मिळाले, तर रात्रभर आणि वर आठ-दहा फेऱ्या आरामात. बोर्डाचं चार्जिंग कार्ड तेवढ्या बॅटरीला पुरतं का, ते आधी माहितीपत्रकात पाहा.

दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या. एक मेली म्हणून एकच बदलली, तर जुनी नवीला घेऊन बुडते. बॅटरीच्या टर्मिनललगतच २० अॅम्पिअरचा फ्यूज लावा. बॅटरीचा खरा शत्रू लोडशेडिंग नाही, ऊन आहे. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. अकोल्या-चंद्रपूरच्या मे महिन्यात पश्चिमेकडे तोंड केलेल्या पत्र्याच्या पेटीत ती शिजते. पेटी खांबाच्या उत्तर बाजूला, पांढऱ्या रंगाची आणि जाळीच्या झरोक्यांची असू द्या. तरीही दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा.

घरचा इन्व्हर्टर वापरायचा तर २४ व्होल्टच्या गेटला काहीच अडचण नाही. दीडशे वॅटचा लोड कुठलाही इन्व्हर्टर सहज पेलतो. फक्त तो साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर पेटीतला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. एसी मोटर मात्र सुरुवातीला तीन-चारपट करंट मागते. ५५० वॅटच्या मोटरला ९०० व्हीएचा इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बसतो, आणि घरातले पंखे-दिवेही त्याच क्षणी जातात. इन्व्हर्टरच्या बदलाच्या क्षणी गेट मध्येच असेल तर काही बोर्ड आपली जागा विसरतात आणि पुढची फेरी हळूहळू चाचपडत करतात. तो बिघाड नाही.

सोलर, पावसाळ्याच्या हिशोबाने

सोलर घ्यायचं ते चर खणणं महाग पडतंय म्हणून. वीज वाचवायला म्हणून घेऊ नका, पाच युनिटमध्ये वाचणार काय? एसी मोटर सोलरवर चालवायचा नाद तर मुळीच नको. मध्ये इन्व्हर्टर येतो, आणि तो नुसता चालू राहण्यासाठीच १५ वॅट खात असेल तर दिवसाचे ३६० वॅट-तास झाले. गेटच्या दुपटीहून जास्त.

पॅनल वर्षाच्या सरासरी उन्हावर काढू नका. विक्रेता पाच तासांचं पूर्ण ऊन धरून हिशोब देईल. तुम्ही जुलै धरा: कोकण आणि घाटमाथ्यावर अडीच तास, सोलापूर-मराठवाड्याकडे तीन-साडेतीन. वायरी, धूळ, उष्णता, बॅटरी यांतली गळती जाऊन ६५ टक्के हाती लागतात. १५५ भागिले (२.५ गुणिले ०.६५), म्हणजे ९५ वॅट. १०० चं पॅनल घ्या. तीन दिवस ऊनच नाही असं धरलं तर ४६५ वॅट-तास. शिसं-आम्लाची बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणून ९३० ची साठवण: ४२ अॅम्पिअर-तासाच्या दोन.

आता त्याआधीचं काम: स्टँडबाय पाडा. काही बोर्डांत फोटोसेलला फक्त गेट हलतानाच वीज देणारं टर्मिनल किंवा सेटिंग असतं, ते वापरा. चोवीस तास जळणारा सूचक दिवा आणि वायफायचं मॉड्यूल काढा. पाचाचे दोन वॅट झाले की दिवसाचा खर्च ८२ वर येतो. मग ५० वॅटचं पॅनल आणि २६ अॅम्पिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या पुरतात. पैसा पॅनलवर घालण्याआधी बोर्डावर घाला, तो असा परत येतो. आणि गेटच्या सोलरवर कॅमेरा लटकवू नका. कॅमेरा आणि राउटर मिळून आठ वॅट घेत असतील तर ते एकटेच दिवसाला १९२ वॅट-तास खातात.

बाजारातलं ३६ सेलचं ‘बारा व्होल्ट’चं पॅनल सुमारे १८ व्होल्ट देतं. एकट्याने ते २४ व्होल्टची बॅटरी चार्ज करू शकत नाही. तसली दोन सिरीजमध्ये लावा किंवा ७२ सेलचं एक घ्या. साध्या हिशोबाला १० अॅम्पिअरचा पीडब्ल्यूएम (साध्या प्रकारचा) कंट्रोलर, म्हणजे पॅनलकडून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा, चालतो. छतावरच्या सिस्टिममधलं उरलेलं मोठं पॅनल वापरणार असाल तर एमपीपीटी (जास्त व्होल्टेजच्या पॅनलचीही पुरती वीज वापरणारा कंट्रोलर) घ्या, आणि त्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काही न जोडता येणारं) कंट्रोलरच्या मर्यादेत आहे का ते बघा. लिथियम फॉस्फेट बॅटरी असेल तर कंट्रोलरवर तो प्रकार निवडावाच लागतो. तिची क्षमता ऐंशी टक्के वापरता येते म्हणून आकार लहान पडतो, पण ४५ अंशांच्या वर तिचा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) चार्जिंग थांबवू शकतो. उन्हातल्या पेटीत तिलाही सुख नाही.

जोडताना क्रम पाळा: आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल. काढताना उलटा, म्हणजे आधी पॅनल. प्लस-मायनस दोनदा तपासा. उलटी जोडलेली बॅटरी बोर्डाला दुसरी संधी देत नाही.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, १८ ते २० अंशांच्या उतारावर. दहाच्या खाली आणलं तर पावसाचं पाणी खालच्या कडेला चिखल ठेवून जातं. सावली सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत अजिबात नको. एक नारळाची झावळी दोन-तीन सेलवर पडली तरी निम्मं पॅनल बसतं. जागा उन्हाळ्यात ठरवली असेल तर सावध: पुण्यात २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य ४८ अंशांवरच असतो, सहा मीटरच्या झाडाची सावली भर दुपारी साडेपाच मीटर उत्तरेला येते, सकाळी त्याहून लांब.

चालू केल्यावरची चाचणी

बॅटरी पूर्ण भरल्यावर एमसीबी पाडा, सोलर असेल तर पॅनल सोडवा. लागोपाठ दहा फेऱ्या मारा. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी मीटरने बॅटरी बघा: शिसं-आम्लाची जोडी २५.४ च्या आसपास म्हणजे भरलेली, २४.४ म्हणजे निम्मी. सातच्या किंवा त्याहून मोठ्या बॅटऱ्यांची जोडी एका रात्रीत निम्म्याखाली गेली तर एकतर स्टँडबाय सांगितल्यापेक्षा जास्त आहे, नाहीतर बॅटरी दुकानातच जुनी झालेली आहे. लिथियमला ही चाचणी लागू नाही. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं, तिच्यासाठी बीएमएसचं रीडिंग किंवा शंट मीटर (बॅटरीत आलेला-गेलेला करंट मोजणारा) बघा.

पेटीत येणाऱ्या पाइपांची तोंडं ग्लँड आणि सीलंटने बंद करा. पाण्यापेक्षा मुंग्या आणि पाली जास्त बोर्ड मारतात. रिलेच्या ऊबेला मुंग्या घर करतात, पाल दोन टर्मिनलांवर आडवी पडते.

बॅटरी संपत आल्यावर गेटने काय करायचं, उघडून थांबायचं की बंद राहायचं, हे ज्या बोर्डांत ठरवता येतं तिथे आजच ठरवा. आवारात कुत्रं असेल तर बंद, म्हाताऱ्या माणसांचं घर असेल तर उघडं. आणि हे गेट आवारात शिरायची एकमेव वाट असेल, तर मोटर सोडवायची किल्ली आतून लागून उपयोग नाही. बाहेरून कुलपात बसणारं केबल रिलीज (तार ओढून मोटर सोडवायची सोय) घ्या, त्याची एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा, आणि दर मे महिन्यात बॅटरी तपासता त्याच दिवशी ते कुलूप तेल घालून एकदा उघडून बघा. गंजलेलं रिलीज तुटतं ते नेमकं भर पावसात, गाडीचे दिवे लावून.